बंद पडता पडता राहिलेली कॉर्वेट

१९५५ हे वर्ष शेव्हरोलेच्या भरभराटीचं होतं. नवं व्ही-८ इंजिन, नवी बॉडी, देशभरातून मागणी. कारखान्यांतून लाखोंनी गाड्या बाहेर पडत होत्या. त्या लाखोंमध्ये कॉर्वेट होत्या फक्त ७००. आदल्या वर्षी ३,६४० बांधल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक वर्ष सरलं तरी गिऱ्हाइकाविना पडून होत्या. दोनच सीट, किंमत चढी, पावसाचं पाणी आत येतं अशी तक्रार. ही गाडी चालू ठेवायची कशाला, असा प्रश्न जनरल मोटर्सच्या वरिष्ठांत उघडपणे विचारला जात होता.

ती गाडी आज सत्तरी ओलांडून चालू आहे. एकाच नावाने इतकी वर्षं चालत आलेली दुसरी स्पोर्ट्स कार अमेरिकेत नाही. हे कसं घडलं, हा या पुस्तकाचा विषय.

कॉर्वेटवर लिहिणारे बहुतेक जण तिच्या रूपावर आणि वेगावर भाळून लिहितात. त्यात वावगं काही नाही; १९६३ची कॉर्वेट स्टिंग रे समोर उभी असताना दुसरं काही सुचणं अवघडच. पण या गाडीचा खरा इतिहास तिच्यावरून झालेल्या भांडणांत आहे. एका बाजूला रूप घडवणारे स्टायलिस्ट, दुसऱ्या बाजूला शर्यतीचं वेड असलेले अभियंते आणि तिसऱ्या बाजूला प्रत्येक गाडीमागे किती डॉलर सुटतात ते पाहणारे हिशेबनीस. या तिघांपैकी एकाचंही पूर्णपणे चाललं असतं तर कॉर्वेट मेली असती. स्टायलिस्टांच्या हाती ती प्रदर्शनातली बाहुली झाली असती. अभियंत्यांच्या हाती मोजक्या श्रीमंतांना परवडणारं शर्यतीचं यंत्र झाली असती, आणि हिशेबनिसांनी तिला १९५५ मध्येच मूठमाती दिली असती.

सुरुवात स्टायलिस्टाने केली. हार्ली अर्ल हा हॉलिवूडमध्ये वाढलेला, बग्ग्या आणि मोटारींच्या बॉड्या बांधणाऱ्या बापाचा मुलगा. सिनेनटांसाठी खास गाड्या घडवता घडवता तो १९२७ मध्ये जनरल मोटर्समध्ये पोचला आणि त्याने मोटारीच्या रूपाचा विचार करणारा स्वतंत्र विभाग उभा केला. तोवर गाडीचं रूप म्हणजे अभियंत्यांनी यंत्र बनवल्यावर त्यावर चढवलेलं आवरण होतं. अर्लने मातीचे पूर्णाकृती नमुने घडवण्याची पद्धत रुळवली आणि दर वर्षी गाडीचं रूप थोडं बदलून माणसाला जुन्या गाडीचा कंटाळा आणण्याची कलाही. कॅडिलॅकच्या शेपटीवरचे पंख त्याच्याच कारकिर्दीतले.

युद्ध संपवून इंग्लंडहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना तिकडच्या छोट्या, उघड्या, चपळ एमजी गाड्यांची चटक लागली होती. त्यामागोमाग जॅग्वारची एक्सके-१२० आली आणि पैसेवाल्या तरुणांना तिने वेड लावलं. १९५१च्या सप्टेंबरात न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन गावी रस्त्यांवरची शर्यत पाहायला अर्ल स्वतःची भविष्यवेधी ल साब्र ही गाडी घेऊन गेला. तिथला युरोपीय गाड्यांभोवतीचा उत्साह पाहून आला तो मनात एक प्रश्न घेऊन : अशी गाडी अमेरिकेत का बनू नये? बाजार याला अनुकूल होता असं मात्र नाही. १९५२ मध्ये नोंदल्या गेलेल्या नव्या गाड्यांत स्पोर्ट्स कारचं प्रमाण शंभरात एकही नव्हतं.

अर्लने हे काम सोपवलं रॉबर्ट मॅक्लीन या तरुणाकडे. तो अभियंताही होता आणि स्पोर्ट्स कारचा भक्तही. त्या काळी गाडीचा आराखडा पुढून मागे, म्हणजे इंजिनापासून सुरू होई. मॅक्लीनने तो मागून पुढे काढला. आधी मागचा ॲक्सल, त्याला लागून दोन माणसं, आणि मग उरलेल्या जागेत इंजिन जितकं मागे आणि खाली सरकवता येईल तितकं. दोन्ही ॲक्सलमधलं अंतर ठेवलं १०२ इंच, जॅग्वारच्या एक्सके-१२० इतकंच. शेव्हरोलेचा मुख्य अभियंता एड कोल याने नमुना पाहिला आणि तो हरखून गेला. शेव्हरोलेच्या जाहिरात विभागात मायरन स्कॉट नावाचा एक गृहस्थ होता. लहान मुलांच्या बिनइंजिनाच्या गाड्यांची सोप बॉक्स डर्बी ही प्रसिद्ध शर्यत सुरू करणारा तो हाच. छोट्या, वेगवान लढाऊ जहाजावरून कॉर्वेट हे नाव त्याने सुचवलं.

१७ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात मोटोरामा या जनरल मोटर्सच्या फिरत्या प्रदर्शनात कॉर्वेट लोकांपुढे आली. त्या वर्षी शहरोशहरी मिळून दहा लाखांहून अधिक लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं. अशा प्रदर्शनांतल्या स्वप्नाळू गाड्या एरवी गोदामात जायच्या. ही मात्र जून संपता संपता, ३० तारखेला, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात प्रत्यक्ष बाहेर पडू लागली. त्या वर्षी बनलेल्या सगळ्या ३०० गाड्या हातांनी जुळवलेल्या. सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांची आतली बाजू लाल आणि टप काळा.

घाईपायी बॉडी पत्र्याऐवजी फायबरग्लासची केली गेली. पत्रा दाबण्याचे पोलादी साचे बनवायला वेळ आणि पैसा दोन्ही लागले असते. काचतंतू आणि रेझिनच्या पट्ट्या ओहायोतल्या ॲशटाब्युला गावच्या मोल्डेड फायबर ग्लास या कंपनीने पुरवल्या. इतक्या संख्येने विकायच्या गाडीसाठी हा पदार्थ अमेरिकेतल्या कुठल्याच मोठ्या कंपनीने तोवर वापरला नव्हता. अडचणीही नव्या निघाल्या. पत्र्याच्या गाडीत बॉडीच अर्थिंगचं काम करते. फायबरग्लासमधून वीज जात नाही, त्यामुळे पहिल्या गाड्यांच्या वायरिंगने कारागिरांना छळलं. इंजिनाच्या ठिणगीचा खरखराट रेडिओत येऊ नये म्हणून धातूचं वेगळं आवरण घालावं लागलं. मात्र याच गुणाचा फायदा घेऊन रेडिओची एरियल डिकीच्या झाकणाच्या आत लपवता आली. घाईपोटी निवडलेला हा पदार्थ पुढे गाडीची ओळख झाला. कॉर्वेटला पत्र्याची बॉडी कधीच मिळाली नाही.

रूप असं मोहक, पण बॉनेटखाली? तिथे शेव्हरोलेचं जुनंच सहा सिलिंडरचं इंजिन होतं. तीन कार्ब्युरेटर लावून ते १५० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं होतं. गिअरबॉक्स दोन गिअरचा ऑटोमॅटिक पॉवरग्लाइड. दाराला बाहेरून मूठ नाही. हात आत घालून दार उघडायचं. काचांच्या जागी पारदर्शक पडदे. किंमत साडेतीन हजार डॉलर, म्हणजे साध्या शेव्हरोलेच्या जवळपास दुप्पट. स्पोर्ट्स कारच्या खऱ्या शौकिनांना ऑटोमॅटिक गिअर हा अपमान वाटला, आणि बाकीच्यांना पावसात पडदे लावत बसणं जमेना. गाडी सुंदर होती, पण कोणासाठी होती ते तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

ते ठाऊक असलेला माणूस मोटोरामाच्या गर्दीतच होता.

झोरा आर्कस-डंटॉव्ह याचा जन्म १९०९च्या नाताळच्या दिवशी ब्रुसेल्समध्ये, रशियन ज्यू आईबापांच्या पोटी झाला. बालपण क्रांतीच्या काळातल्या पेट्रोग्राडमध्ये गेलं. आर्कस हे वडिलांचं आडनाव, डंटॉव्ह हे आईच्या दुसऱ्या जोडीदाराचं. झोरा आणि त्याचा धाकटा भाऊ युरा यांनी दोन्ही जोडून लावली. १९२७ मध्ये कुटुंब बर्लिनला आलं, तिथे झोराने अभियांत्रिकीचं शिक्षण घेतलं. मोटारसायकलींचा आणि शर्यतींचा नाद तिथलाच. त्याची पत्नी एल्फी नर्तकी होती. युद्ध सुरू झालं तेव्हा तो फ्रान्समध्ये हवाई दलात भरती झाला. फ्रान्स पडल्यावर स्पेन, पोर्तुगालमार्गे हे कुटुंब १९४० मध्ये न्यूयॉर्कला पोचलं. तिथे दोघा भावांनी फोर्डच्या व्ही-८ इंजिनासाठी आर्डन नावाचे सिलिंडर हेड बनवले. ते आजही जुन्या इंजिनांचे शौकीन जपून ठेवतात. मग इंग्लंडमध्ये ॲलार्ड कंपनीत काम आणि ल माँच्या २४ तासांच्या शर्यतीत चालक म्हणून उतरणं.

मोटोरामात कॉर्वेट पाहून तो भारावला. इतकी देखणी गाडी त्याने पाहिली नव्हती. आत काय आहे ते कळलं तेव्हा निराशही झाला. त्याने एड कोलला पत्र लिहिलं आणि १ मे १९५३ रोजी तो शेव्हरोलेत सहायक अभियंता म्हणून रुजू झाला. वय ४३, इंग्रजीवर शेवटपर्यंत रशियन छाप, आणि साहेबांची परवानगी मिळायच्या आधीच मनाचं करून मोकळं होण्याची सवय. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, डिसेंबरात, त्याने वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. तरुण पोरं जुन्या फोर्ड गाड्यांची इंजिनं खोलून वेगवान करत बसतात, त्यांच्या वाचनात, बोलण्यात फक्त फोर्ड असते. ही पोरं शेव्हरोलेकडे वळवायची तर त्यांना वेगाचे तयार सुटे भाग कंपनीनेच द्यायला हवेत, असं त्याचं म्हणणं होतं. अमेरिकी मोटारधंद्यात पुढे ज्याला परफॉर्मन्स पार्ट्सचा बाजार म्हणू लागले, त्याचा आराखडाच त्या टिपणात आहे.

ऑक्टोबर १९५४ मधलं दुसरं टिपण जास्त महत्त्वाचं. कॉर्वेट बंद करण्याची चर्चा तेव्हा ऐन भरात होती आणि फोर्ड आपली दोन सीटची थंडरबर्ड आणत होती. डंटॉव्हचा युक्तिवाद थेट होता. आता कॉर्वेट मागे घेतली तर ती हरल्याची कबुली ठरेल. जिथे शेव्हरोले अपयशी ठरली तिथे फोर्ड यशस्वी झाली तर ते जास्त झोंबेल. १९५५ मध्ये थंडरबर्ड सोळा हजारांवर खपली. कॉर्वेटला जीवदान मिळालं त्यात या ईर्ष्येचा वाटा मोठा आहे. त्याच वर्षी बॉनेटखाली नवं २६५ घन इंचांचं, १९५ हॉर्सपॉवरचं व्ही-८ बसलं, आणि १९५६ मध्ये गाडीला खऱ्या काचा आणि दाराला बाहेरून मूठ मिळाली.

मग डंटॉव्हने तिला पळवायला घेतलं. त्याने बेतलेला कॅमशाफ्ट लावून फ्लोरिडातल्या डेटोनाच्या वाळूवर त्याने स्वतः ती ताशी १५० मैलांवर, म्हणजे सुमारे २४० किलोमीटरवर नेली. १९५६च्या फेब्रुवारीत डेटोनाला त्याच्याबरोबर शर्यतपटू जॉन फिच आणि बेटी स्केल्टन हेही कॉर्वेट घेऊन उतरले. बेटी ही विमानाच्या कसरतींमधली राष्ट्रीय विजेती. तिचं नाव कॉर्वेटच्या इतिहासात जितक्या ठळकपणे यायला हवं तितकं येत नाही, ही या विषयावरच्या लेखनातली जुनी उणीव आहे. १९५७ मध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणारी फ्युएल इंजेक्शन यंत्रणा आली, आणि २८३ घन इंचांच्या इंजिनातून २८३ हॉर्सपॉवर निघू लागले. घन इंचामागे एक हॉर्सपॉवर ही त्या काळच्या अभियंत्यांना मोठी मजल वाटे.

त्याच वर्षी घाव बसला. १९५५ मध्ये ल माँला एक गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसं मेली होती. त्या शर्यतीत डंटॉव्ह स्वतः पोर्श चालवत होता आणि आपल्या गटात पहिला आला होता. अपघाताचे पडसाद अमेरिकेतही उमटत राहिले. जून १९५७ मध्ये तिथल्या मोटार उत्पादकांच्या संघटनेने ठरवलं की कंपन्यांनी शर्यतींपासून दूर राहायचं. सेब्रिंगच्या शर्यतीत नुकतीच उतरलेली, डंटॉव्हने जीव ओतून घडवलेली कॉर्वेट एसएस झाकून ठेवावी लागली. यापुढची अनेक वर्षं तो कंपनीच्या नियमाला वळसा घालत काम करत राहिला. १९६० मध्ये ब्रिग्ज कनिंगहॅम या धनिकाने ल माँला तीन कॉर्वेट उतरवल्या. त्यांतल्या जॉन फिच आणि बॉब ग्रॉसमन यांच्या गाडीचं इंजिन शेवटच्या तासांत तापू लागलं, नियमानुसार मध्येच पाणी भरता येईना. चमूने इंजिनाभोवती बर्फ ठासला, गाडी हळूहळू फेऱ्या पुऱ्या करत राहिली आणि एकूणात आठवी, आपल्या गटात पहिली आली. त्याच वर्षी कॉर्वेटचं उत्पादन प्रथमच दहा हजारांपुढे गेलं, आणि सीबीएसवर ‘रूट ६६’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातले दोन तरुण कॉर्वेटमधून देशभर भटकत. घरोघरच्या टीव्हीने या गाडीसाठी केलं ते जाहिरातींनाही जमलं नसतं.

१९६३ची स्टिंग रे हा या पुस्तकातला सर्वांत मोठा भाग आहे, आणि ते योग्यच. अर्ल निवृत्त झाला होता. त्याच्या खुर्चीत बसलेला बिल मिचेल शार्क माशांच्या आकाराने झपाटला होता. आपल्या कार्यालयात लावलेल्या माशाचेच रंग माको शार्क या प्रदर्शनासाठीच्या गाडीला हवेत असा त्याचा आग्रह. रंग काही जुळेना, तेव्हा कामगारांनी रातोरात मासाच गाडीच्या रंगात रंगवला, असं सांगतात. मिचेल आणि लॅरी शिनोडा यांनी आखलेल्या स्टिंग रेच्या पाठीवरून एक कणा निघतो आणि मागच्या काचेचे दोन भाग करत शेपटीपर्यंत जातो. डंटॉव्ह म्हणाला, आरशात मागचं दिसत नाही. मिचेल म्हणाला, तो कणा काढला तर गाडीत राहिलं काय? वाद हमरीतुमरीवर गेला. मिचेल जिंकला, पण एकाच वर्षापुरता. १९६४ मध्ये काच एकसंध झाली. दुभंगलेल्या काचेच्या त्या १०,५९४ गाड्या आज कॉर्वेटच्या शौकिनांत सर्वाधिक मानाच्या. रूपाच्या बाबतीत मिचेल बरोबर होता आणि चालवण्याच्या बाबतीत डंटॉव्ह. दोघांपैकी एकाला खोटं ठरवायचा मोह या पुस्तकाने टाळला आहे.

डंटॉव्हचा विजय गाडीच्या पोटाखाली होता. मागची दोन्ही चाकं आता एकाच ताठ ॲक्सलला बांधलेली नव्हती. डिफरन्शिअल चॅसीला पक्का, आणि चाकं आपापली वरखाली होणारी, नऊ पानांच्या एकाच आडव्या पाट्यावर तोललेली. एक चाक खड्ड्यात गेलं तर दुसरं हलत नाही. कॉर्वेट वळणावर युरोपीय गाड्यांच्या बरोबरीने धरून राहू लागली ती इथून. आदल्या वर्षी साडेचौदा हजार खपलेली गाडी २१,५१३वर गेली.

याच काळात त्याने कॅरोल शेल्बीच्या कोब्रा या प्रतिस्पर्धी गाडीला हरवण्यासाठी हलक्या ग्रँड स्पोर्ट गाड्यांचा घाट घातला. १२५ बांधायच्या होत्या. पाच झाल्या आणि वरून हुकूम आला : थांबवा. त्या पाच गाड्या खासगी चालकांच्या हाती गेल्या. १९६३च्या डिसेंबरात बहामा बेटांवरच्या नॅसॉला त्यांनी कोब्रांना मागे टाकलं, आणि त्या वेळी शेव्हरोलेचे काही अभियंते योगायोगाने तिथेच सुट्टीवर आलेले होते. पाचही गाड्या अजून शाबूत आहेत.

अंतराळवीरांची गोष्ट इथे थोडक्यात. फ्लोरिडातला विक्रेता आणि इंडियानापोलिस ५०० चा विजेता जिम रॅथमन नासाच्या वीरांना वर्षाला एक डॉलर भाड्याने शेव्हरोले देई. अपोलो-१२च्या तिघांनी, कॉनरॅड, गॉर्डन आणि बीन यांनी, १९६९च्या एकसारख्या सोनेरी-काळ्या कॉर्वेट घेतल्या होत्या.

शेव्हरोले हे नाव मराठी वाचकाला परकं नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला आणि तिथून शेव्हरोले गाड्या रस्त्यावर आल्या. पुढच्या पिढीला हे नाव तळेगावमुळे माहीत आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या कारखान्यातून स्पार्क आणि बीट निघत. २०१७ अखेर कंपनीने भारतातली विक्री थांबवली आणि २०२० संपताना तळेगावचं उत्पादनही. कॉर्वेट मात्र या वाटेने कधी आली नाही. आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी उजव्या हाताचं स्टिअरिंग असलेली कॉर्वेट थेट कारखान्यातून निघू लागली ती आठव्या पिढीपासून, म्हणजे अगदी अलीकडे.

१९७०चं दशक विचित्र आहे. १९६८ मध्ये मिचेलच्या माको शार्क-२ वरून बेतलेली, कंबर आवळलेली तिसरी पिढी आली. मग धुराचे कायदे, शिसंविरहित पेट्रोल, विम्याचे चढे हप्ते आणि १९७३ची तेलबंदी यांनी तिचं इंजिन पिळून काढलं. १९७५ मध्ये साध्या कॉर्वेटची ताकद १६५ हॉर्सपॉवरवर आली, उघड्या टपाची गाडी त्याच वर्षी बंद झाली. मोजण्याची पद्धत बदलल्याने आकडा थोडा अधिकच लहान दिसतो हे खरं, पण घसरगुंडी खरीच होती. आणि खप? तो चढत गेला. १९७९ मध्ये ५३,८०७ कॉर्वेट बनल्या. तो उच्चांक आजवर मोडलेला नाही. सगळीकडे वेग आटत असताना वेगाचं रूप तरी धारण करणाऱ्या दुकानातल्या मोजक्या गाड्यांपैकी ही एक होती. हिशेबनीस खूश होते, आणि नेमक्या त्याच कारणाने डंटॉव्हचं स्वप्न अडलं.

त्याचं स्वप्न होतं इंजिन मधोमध बसवण्याचं. चालकाच्या मागे, पण मागच्या ॲक्सलच्या पुढे. इंजिनाचं वजन ज्या चाकांनी गाडी ढकलायची त्यांच्यावर पडतं, त्यामुळे चाकं घसरत नाहीत. पुढचं टोक हलकं होतं, चालक पुढे सरकतो, त्याला रस्ता नीट दिसतो आणि इंजिनाची उष्णता त्याच्या पायांशी येत नाही. १९५७च्या एसएसमध्ये सेब्रिंगला चालक अक्षरशः भाजून निघाले होते. १९६० मध्ये त्याने सीईआरव्ही-१ हे प्रायोगिक यंत्र या तत्त्वावर बांधलं, १९६४ मध्ये दुसरं. नंतर एक्सपी-८८२. शेव्हरोलेचा प्रमुख जॉन डिलॉरियन याने ती महाग म्हणून आधी बाजूला सारली. १९७०च्या न्यूयॉर्क प्रदर्शनात फोर्ड मध्य-इंजिनाची डे टोमासो पँटेरा मांडणार असं कळलं तेव्हा घाईघाईने बाहेर काढली. लोकांनी गर्दी केली, मासिकांनी मुखपृष्ठं दिली, आणि काहीच झालं नाही. नवा गिअरबॉक्स, नवी चॅसी, नवे साचे एवढा खर्च करायचा तो आहे ती गाडी हातोहात खपत असताना? हिशेबाने पाहिलं तर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. १९७५च्या सुरुवातीला डंटॉव्ह निवृत्त झाला. कॉर्वेटचा मुख्य अभियंता ही अधिकृत पदवीसुद्धा त्याला साठच्या दशकाच्या अखेरीस मिळाली होती.

त्याच्या जागी आलेला डेव्ह मॅकलेलन शांत स्वभावाचा आणि काटेकोर. १९८१ मध्ये उत्पादन सेंट लुइसहून केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला हललं, आणि त्याच वर्षी मागच्या पोलादी पाट्याच्या जागी फायबरग्लासचा, कितीतरी हलका पाटा आला. बॉडीसाठी घाईत निवडलेला पदार्थ अठ्ठावीस वर्षांनी वजन पेलू लागला. पुढच्या पिढीची तयारी लांबत गेली आणि १९८३ या मॉडेल वर्षाची कॉर्वेट विक्रीला आलीच नाही. चाचणीसाठी बांधलेल्या मूठभर गाड्यांपैकी एकच उरली आहे. चौथी पिढी १९८४ची म्हणून आली. तिच्यात लोटसच्या साहाय्याने आखलेल्या इंजिनाची झेडआर-१ आहे, दहा लाखावी पांढरी कॉर्वेट आहे. पाचव्या पिढीत गिअरबॉक्स मागे नेऊन वजन पुढे-मागे सारखं विभागलं आणि कारखान्याचा स्वतःचा चमू शेवटी उजळ माथ्याने ल माँला परतला. या सगळ्याचा तपशील त्या त्या प्रकरणात येईल.

डंटॉव्ह २१ एप्रिल १९९६ रोजी गेला. त्याच्या अस्थी बोलिंग ग्रीनच्या नॅशनल कॉर्वेट म्युझियममध्ये आहेत. १२ फेब्रुवारी २०१४च्या पहाटे त्याच म्युझियमच्या घुमटाखालची जमीन खचली. तो सगळा प्रदेश चुनखडीचा, पोखरलेला. जगातली सर्वांत लांब मॅमथ गुहा तिथून जवळच. आठ कॉर्वेट खड्ड्यात गेल्या, त्यांत दहा लाखावीही होती. तीन दुरुस्त केल्या. बाकीच्या पाच तशाच, मातीने माखलेल्या आणि चेपलेल्या, मांडून ठेवल्या. त्या पाहायला लोक पूर्वीपेक्षा जास्त येऊ लागले.

१८ जुलै २०१९ रोजी कॅलिफोर्नियातल्या टस्टिनच्या एका जुन्या हवाई हँगरमध्ये आठवी पिढी दाखवली गेली. मुख्य अभियंता टॅज युक्टर याच्या चमूने इंजिन मधोमध बसवलं होतं. पुढे इंजिन ठेवून जेवढा वेग रस्त्यावर उतरवता येतो तेवढा उतरवून झाला होता. आणखी ताकद घातली की चाकं नुसती फिरत. म्हणजे डंटॉव्ह जे साठ साली सांगत होता तेच आता मोजमापांनी सांगितलं. मूळ किंमत साठ हजार डॉलरच्या आत राहील अशी बांधली गेली, कारण अशा बांधणीच्या इटालियन गाडीला त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. २०२३च्या जानेवारीत आलेल्या ई-रे मध्ये पुढच्या चाकांना विजेची मोटर आहे. चारही चाकं ओढणारी ही पहिली विक्रीची कॉर्वेट.

जुन्या ग्राहकांतले बरेच जण मात्र नाराज झाले. लांब बॉनेट गेलं, आणि त्यांच्या लेखी कॉर्वेट म्हणजे ते लांब बॉनेटच होतं. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. कंपनीनेही तो गृहीत धरला होता. म्हणूनच छताचा काढता येणारा तुकडा, जो १९६८ पासून या गाडीत आहे, तो आठव्या पिढीतही ठेवला आणि इंजिनामागे त्याला मावेल अशी डिकी दिली. त्या डिकीचं माप ठरवताना आणखी एक अट पाळली गेली : तिच्यात गोल्फच्या दोन पिशव्या बसल्या पाहिजेत.